आठची ओळ

म्हसरूळ, नाशिक
११ ऑगस्ट २०२५

चि. रविराज यास,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिले आहेत, त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस. आम्ही दोघं ठीक आहोत. यांची शुगर आटोक्यात आहे. विंचूरला तुम्हीही ठीक असालच, नसायला काय झालंय?

फोन सोडून पत्र का, असं तुझी निकिता विचारेल. तिला सांग, मे महिन्यात आपण वेगळे झालो त्या संध्याकाळी मी माझ्या फोनमध्ये तुझा नंबर बंद केला, तो अजून बंदच आहे. शिवाय कागदावर लिहिलेलं उद्या नाकारता येत नाही. स्पीड पोस्टाने पाठवते आहे, पावती जपून ठेवली आहे.

आता मुद्द्याचं. आईच्या नावाचं मसाल्याचं दुकान माझ्याकडे राहील आणि तू विंचूरला वाळवलेल्या कांद्याचं तुझं वेगळं काढशील, असं भावकीतला म्हणून बसवलेल्या हर्षलसमोर ठरलं होतं. ठरलं होतं की नाही? कशावरून बिनसलं ते मी उगाळत बसत नाही. पाकिटावरचा आईचा फोटो काढून तू तिथे कुठल्यातरी गोऱ्या हसऱ्या बाईचा फोटो छापून आणलास. त्या बाईने जन्मात काळा मसाला खाल्ला असेल असं तिच्याकडे बघून वाटत नाही. असो. उगाळत नाही म्हटलं ना.

'साळूबाई मसाले' हे नाव माझं, वेबसाइटचं नावही माझं. तू एका चिठ्ठीवर डोमेनच्या खात्याचं लॉगिन आणि पासवर्ड लिहून दिलास. मी भोळी. चिठ्ठी मिळाली म्हणजे नाव मिळालं असं समजले.

जुन्या कंपनीकडचं ऑनलाइन दुकान तू तुझ्या कांद्यासाठी ठेवलंस, म्हणून जूनमध्ये मी नव्या कंपनीकडे दुकान मांडलं. त्यांनी सांगितलं, दुकान तयार आहे, आता तुमचं नाव आमच्याकडे वळवा. म्हणजे त्या डोमेनच्या खात्यात जायचं आणि तिथल्या ओळींमधले पत्ते बदलायचे. डीएनएस म्हणतात त्याला, तुला माहीत आहे. एका पानावर अकरा ओळी, कुठल्या नावाने आलेलं माणूस कुठे पाठवायचं ते प्रत्येकीत लिहिलेलं. मी एकटीने केलं, त्यांच्या मदत केंद्रातल्या मयुरेश नावाच्या पुणेकराला फोनवर धरून. त्याने सांगितलं तसं डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यूच्या ओळीत नवा पत्ता टाकला. आठची जुनी ओळ काढून टाकली आणि त्याने दिलेले आकडे घालून नवी केली. शेजारी कांडप चालू होतं, मिरचीच्या खकाण्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी इकडचं अक्षर तिकडे केलं नाही. तो म्हणाला, मॅडम, अठ्ठेचाळीस तास थांबा, सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो. अठ्ठेचाळीस तास! मी दोन महिने थांबले.

आणि आता परिस्थिती अशी आहे. डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावून नाव टाकलं तर माझं दुकान उघडतं. नुसतं नाव टाकलं तर तुझं. मला सांग, आपल्याकडे कोण डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावत बसतं? आईच्या नावाचं पुढचं दार तू अडवून बसला आहेस आणि मला मागच्या दाराने धंदा करायला लावतो आहेस.

नांदगावच्या मालिनीताई आठवतात ना, शाळेतल्या? वीस वर्षं आईच्या हातचा मसाला नेला त्यांनी. त्यांनी नुसतं नाव टाकलं, समोर जे पाकीट दिसलं ते मागवलं आणि घरी आल्या कांद्याच्या वाळक्या चकत्या. बिचाऱ्यांना वाटलं, साळूबाईंचाच नवा प्रकार असेल. त्यांनी तो आमटीत टाकला! मग मला फोन करून इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, मसाल्याला यंदा काही चव नाही हो." रवी, त्या वेळी मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

अजून एक. जूनपासून दुकानाच्या मेलवर एक पत्र नाही. सकाळी चहाच्या आधी मी मेल उघडते, ही माझी सवय तुला ठाऊक आहे. पूर्वी रोज पाच-सहा चौकश्या असायच्या. आता कोरं. हीसुद्धा तुझीच करामत, यात मला तिळमात्र शंका नाही.

आठ दिवसांत माझं नाव मोकळं कर. नाही केलंस तर मी रीतसर तक्रार करीन, मग भाऊ म्हणून बघणार नाही.

परवा राखी पाठवली नाही. का नाही, ते तुझं तुला माहीत आहे. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. हे पत्र धंद्याचं आहे.

साळूबाई मसाले करिता,
प्रोप्रायटर


म्हसरूळ, नाशिक
२२ ऑगस्ट २०२५

चि. रविराज,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं म्हणून म्हणते. मी तीन पानं लिहिली, तू चार ओळी. आणि चार ओळींतही शहाणपणा! "अक्का, चावी तुझ्याकडे आहे, माझ्याकडे काहीच नाही. ॲट द रेटची ओळ बघ, तिच्यात अजून जुन्या दुकानाचा पत्ता असणार. तो तूच बदलू शकतेस. बाकी, जुलैत तुला दुकानाच्या मेलवर पत्र पाठवलं होतं, ते परत आलं. तेव्हा मी काय ते समजलो."

काय समजलास? ते लिहायला शाई संपली का?

ॲट द रेटचं म्हणशील तर मला आधी हसू आलं. ॲट द रेट असतं ते मेलच्या पत्त्यात. दुकानाच्या नावात ते कुठून येणार? तरी मी खातं उघडून बघितलं, उगाच कुणी म्हणायला नको. तर पहिलीच ओळ. तिच्या नावाच्या रकान्यात तेवढं एकच चिन्ह, आणि पुढे जुन्या दुकानाचा पत्ता. आहे खरी. पण मयुरेशने मला त्या ओळीला हात लावायला सांगितलंच नव्हतं! डब्ल्यूची ओळ आणि आठची ओळ, दोनच ओळी सांगितल्या होत्या त्याने. म्हणजे चूक त्याची आहे. त्यांच्याकडे प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो, फोन लागला की आधी तेच सांगतात. सोमवारी मी ते रेकॉर्डिंग काढायला लावणार आहे. सोडणार नाही त्याला.

तेव्हा ही ओळ तू अडवलेली नव्हतीस एवढं मी मान्य करते. एवढंच.

आता जुलैचं. मला लिहायचं नव्हतं. तू विषय काढलास, तर ऐक.

जुलैत तुझ्या घरी काय होतं ते मला हर्षलकडून कळलं. मसाला न्यायला आला होता. पिशवी उचलता उचलता म्हणतो, "अक्का, तू बारशाला दिसली नाय गं? लय माणसं व्हती. निकितावयनीच्या बहिणीनं नाव ठिवलं."

आत्याशिवाय बारसं! बाळाला पाळण्यात घालायचं कुणी? कानात कुर्र करायचं कुणी? नाव सांगायचं कुणी आणि बायकांचे धपाटे पाठीत खायचे कुणी? सगळ्या महाराष्ट्रात हे काम एका बाईचं आहे. तिला दुसरा कुठलाही मान नसला तरी हा असतो. भावाशी बोलणं नसलं तरी असतो. माझ्या एकुलत्या एक भावाची पहिली मुलगी, माझी भाची, आणि नाव ठेवलं निकिताच्या बहिणीने. ती मावशी आहे. मावशीने लाड करावेत, खाऊ आणावा. नाव ठेवणं तिचं काम नव्हे, आणि हे तिलाही माहीत असणार.

आणि मी हर्षलला काय सांगितलं, सांगू? म्हटलं, मला बोलावणं होतं रे, पण त्या दिवशी मोठी ऑर्डर होती, यायला जमलं नाही. खोटं बोलले. माझा अपमान झाला तो झाला, भावकीत तुझी शोभा नको म्हणून खोटं बोलले. त्याने 'बरं' म्हटलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू धंद्यापुढे हिला भाची काही नाही. तेव्हापासून मी त्याच्या नजरेत वाईट आहे आणि तू चांगला.

आता म्हणे मेल पाठवला होता आणि तो परत आला. खोटं बोलायचं तर धड बोल. पोस्टाचं पत्र परत येतं, पोस्टमन आणून देतो. मेल कसा परत येईल? त्याला कोण आणून देतं? आणि समजा पाठवला असलास, तरी आत्याला बारशाचं बोलावणं मेलवर करतात का? उद्या लग्नाची अक्षतही मेलवर पाठवशील.

पाठवला असशील तर दाखव. कागदावर छापून दाखव.

नाव काय ठेवलं, ते मी हर्षलला विचारलं नाही. विचारणारही नाही.

अक्का


म्हसरूळ, नाशिक
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय रवी,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. पण त्याआधी सोमवारी जे झालं ते आधी सांगते, कारण ते आधी झालं, आणि नंतरचं लिहायला मला जरा धीर हवा आहे.

सोमवारी सकाळी मी मयुरेशला फोन लावला. वीस मिनिटं सतार ऐकवली त्यांनी. तो आल्यावर मी त्याला चांगला फैलावर घेतला. म्हटलं, तुमच्यामुळे माझं दुकान दोन महिने अर्धं बंद आहे, माझं माझ्या भावाशी भांडण झालंय, आत्ताच्या आत्ता जूनचं रेकॉर्डिंग काढा. तो म्हणाला, मॅडम, साहेबांना विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा, मी धरून आहे. तासाभराने त्याने ते लावलं. मागे आपलं कांडप धडधडतंय आणि मग त्याचा आवाज.

"मॅडम, आता ॲटची ओळ काढा."

मग माझा आवाज, "आठची ना?"

"हो मॅडम, ॲटची."

"काढली."

"आता नवीन ओळ घ्या. नावात ॲट टाका आणि पुढे मी सांगतो ते आकडे."

"टाकलं आठ."

"परफेक्ट, मॅडम."

परफेक्ट म्हणाला तो! मी त्याला तीन वेळा ऐकवायला लावलं. तिन्ही वेळा तेच. मग त्याने माझ्या डोमेनच्या ओळी त्याच्याकडे उघडल्या. आणि भीत भीत विचारतो, "मॅडम, इथे नावाच्या रकान्यात इंग्रजी आठचा आकडा कुणी लिहिलाय?" मीच. आठ आणि टिंब लावून पुढे साळूबाईचं नाव टाकणाऱ्या माणसाची वाट बघत ती ओळ दोन महिने बसून आहे. असा माणूस जगात नाही.

हे वाचून तू हसणार आहेस. हस. पण मला एक सांग, आख्खं नाशिक त्या चिन्हाला ॲट द रेट म्हणतं की नाही? बँकेत, कॉलेजात, सेतू कार्यालयात? नुसतं 'ॲट' म्हणणारा मी जन्मात हा पहिला माणूस बघितला. द रेट म्हणायला त्याचं काय जात होतं? मी हे त्याला ऐकवलंच. तो म्हणाला, सॉरी मॅडम, यापुढे पूर्ण म्हणेन. म्हण आता. उशिरा का होईना.

मग मी विचारलं, जी आठवी ओळ मी काढली, ती कशाची होती? तो म्हणाला, मेलची. तुमच्या नावाने आलेलं पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती काढली की पत्र येतं आणि पेटी न सापडून पाठवणाऱ्याकडे परत जातं. मी म्हटलं, मग ती दोन महिन्यांची पत्रं आता ओळ परत घातल्यावर येतील का? म्हणाला, नाही मॅडम. ती कुठे साठून राहत नाहीत. गेली ती गेली.

फोन ठेवला आणि मला तुझी ती ओळ आठवली. ते परत आलं, तेव्हा मी काय ते समजलो.

मंगळवारी तुझं पाकीट आलं. छापलेला कागद मी इतक्या वेळा वाचलाय की तो आता घडीवर फाटायला आलाय. तरी इथे लिहिते, लिहिल्याशिवाय मला खरं वाटत नाही. १० जुलै. "अक्का, तुझा फोन लागत नाही. दाजींना लावला तर ते म्हणाले, दुकानाच्या मेलवर टाक, ती उठल्याबरोबर आधी तोच बघते. म्हणून इथे लिहितो. मंगळवारी पंधरा तारखेला संध्याकाळी बारसं आहे. नाव आम्ही ठरवलेलं नाही, ते तुझं काम. गाडी पाठवू का ते कळव. फोटोचं जे झालं ते झालं. तू ये." आणि खाली इंग्रजीत दोन ओळी, की हे पत्र पोहोचवता आलं नाही.

मागच्या बाजूला तू हाताने लिहिलंस, की तुला वाटलं, मी तुला फोनवर बंद केलं तसं इथेही बंद केलं. तरी सातपर्यंत पाळणा थांबवला. बायका घरी जायला लागल्या तेव्हा निकिताच्या बहिणीला पुढे केलं. नाव अपूर्वा.

मी कागद घेऊन यांच्यासमोर उभी राहिले. हे गणपतीची आरास करत होते. म्हटलं, जुलैत रवीचा फोन आला होता तुम्हाला? हातातली कात्री खाली ठेवून म्हणतात, "आला व्हता. मी त्याला मेलचं सांगितलं. तू काही बोलली नाय, मला वाटलं वाचून राग धरलाय तुनं. म्हणून मी पण नाय बोललो." दीड महिना! एका ताटलीत पापड खातो आम्ही, आणि दीड महिना हा माणूस माझ्या रागाला भिऊन गप्प. मी इतकं बोलले त्यांना, की शेवटी शेजारची बाई आरतीची वाटी मागायचं निमित्त करून बघून गेली. मग माझ्या लक्षात आलं, की घरातला माणूस निरोप द्यायला घाबरतो तेव्हा चूक निरोपाची नसते.

रवी, चुकलं माझं. एकदाच लिहिते. आठची ओळ ऐकण्यातली चूक होती, तिच्याबद्दल मी मयुरेशला अर्धी जबाबदार धरते आणि धरतच राहीन. पण फोन मी बंद केला होता. तो कुणी मला चुकीचं सांगून करवला नाही. शांतपणे खुर्चीत बसून, तुझं नाव शोधून, स्वतःच्या बोटाने बंद केला. तो चालू असता तर शंभर ओळी गेल्या असत्या तरी मी त्या दिवशी विंचूरला असते.

तुझंही चुकलं. सातपर्यंत पाळणा थांबवलास, पण दहा ते पंधरा तारखेपर्यंत पाच दिवस होते. विंचूर ते म्हसरूळ दीड तासाची वाट. येऊन दारात उभं राहता आलं नाही? मी दार उघडलं नसतं, आरडाओरडा केला असता, हे खरं आहे. पण तू आला होतास एवढं तरी मला माहीत असतं. जरासा मेल परत आला तर बहीण मेली असं धरून चालतोस?

आणि आता ऐक, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही, यांनाही नाही. भांडण झाल्यावर, मे महिन्यात, त्याच आठवड्यात मी जांभळ्या खणाची कुंची शिवली. मुलगा की मुलगी माहीत नव्हतं, पण कुंची दोघांनाही चालते. काठाला जर लावली. ती कपाटात आहे. हर्षल येऊन गेला त्या संध्याकाळी मी ती उसवायला घेतली होती, दोन टाके काढले आणि ठेवून दिली. आता बाळाचं डोकं मोठं झालं असेल, ती बसणार नाही. मी मोठी शिवायला घेतली आहे.

ओळी मी नीट केल्या. पहिलीतला पत्ता बदलला, मेलची परत घातली, आठची काढून टाकली. सगळं स्वतः केलं, मयुरेशला फक्त ऐकायला ठेवलं आणि प्रत्येक चिन्हाचं नाव दोनदा म्हणायला लावलं. आता कसंही नाव टाकलं तरी माझंच दुकान उघडतं. काल पहिला मेल आला, हरसूलहून कुणी बाईंचा. तुम्ही अजून मसाला करता का, विचारतात. मालिनीताईंना मी मसाला पाठवला आणि कांदा आमटीत घालू नका म्हणून कळवलं. तुझ्या कांद्याबद्दल मला अजून राग आहे, पण भजीत चांगला लागतो असं त्या म्हणाल्या, तेवढं तुझ्या कानावर घालते.

तुझा नंबर आज सकाळी उघडला. पण पहिला फोन मी करणार नाही. तू धाकटा आहेस, तू कर.

मंगळवारी आमच्या गौरी जातील. बुधवारी सकाळच्या गाडीने मी येते. हे यायचं म्हणत होते, मी म्हटलं, तुम्ही दुकान बघा, तीच शिक्षा. निकिताला सांग, स्वयंपाकाचं काही करू नकोस, मी पुरणपोळ्या घेऊन येते. तिच्या बहिणीलाही बोलाव. तिच्यावर माझा राग नाही. कुणी पुढे आलं नाही तेव्हा ती आली.

नाव अपूर्वाच राहू दे, छान आहे. मी दुसरं शोधून ठेवलं होतं, ते आता सांगणार नाही. एकदा लोकांत गेलेलं नाव बदलायला गेलं की काय काय होतं ते मी बघितलंय.

फक्त एक कर. बुधवारी अकराच्या सुमारास पाळणा बांधून ठेव आणि बाळाला झोपवू नका. मला ती जागी हवी आहे. मी तिच्या कानात कुर्र करणार आणि तिचं नाव तिला सांगणार. ती दोन महिन्यांची आहे, आधी कुणी सांगितलं होतं ते तिला थोडंच आठवतंय! आणि माझ्या पाठीत धपाटे निकितालाच घालू दे, चांगले जोरात. मला ते हवे आहेत.

अपूर्वाची आत्या